गच्चीवरची पावलं : ‘स्मिलाज सेन्स ऑफ स्नो’ (१९९७)

शिरवा

परवा रात्री हा सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होते, ‘कुणी मारलं’ एवढंच कळून घ्यायची घाई होती. या वेळी गोष्ट ठाऊक होती, त्यामुळे बाकीचं दिसलं, आणि जे दिसलं ते दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. इथे थरारपटांवर पुष्कळ धागे आहेत, पण यावर शोधूनही सापडला नाही, म्हणून काढतेय. शेवटाबद्दल लिहायचं झालं तर आधी ‘रहस्यभेद’ असं लिहा, एवढी विनंती.

सुरुवात १८५९ सालच्या ग्रीनलंडमध्ये. गोठलेल्या समुद्रावर एक शिकारी बर्फातल्या भोकाशी उभा. सील श्वास घ्यायला वर येईपर्यंत त्याला हलायचं नाहीये. चोहीकडे पांढरं, मधे हा एवढासा माणूस. तेवढ्यात आभाळातून काहीतरी पेटतं येतं, लांबवर आदळतं, आणि बर्फाचा लोट त्याच्या दिशेने धावत सुटतो. कुत्रे जीव खाऊन पळतात. पुढचं सांगत नाही. मग एकदम आजचं कोपनहेगन. हिवाळ्याचे दिवस, इमारतीखाली जमलेली माणसं, आणि बर्फावर पडलेला सहा वर्षांचा इसाया.

स्मिला त्याच इमारतीत राहते. आई ग्रीनलंडची, बाप पैसेवाला डॉक्टर. आई गेल्यावर लहानपणीच तिला तिथून उचलून शहरात आणलेलं. कुणाशी पटत नाही, बोलणं तुसडं, जीव फक्त बर्फात आणि गणितात. इसायाची आई दारूत बुडालेली, त्यामुळे पोरगं हिच्या दाराशी येऊन बसायचं. गोष्ट वाच म्हणायचं, आणि ही त्याला युक्लिडची भूमिती वाचून दाखवायची. दोघांचंही मूळ तिकडचं, दोघंही इथे उपरे. सिनेमात या नात्याला फार वेळ दिलेला नाही, पण जेवढा दिलाय तेवढा पुरतो.

पोलीस म्हणतात, पोरगं गच्चीवर खेळत होतं, पाय घसरला. स्मिला वर जाते. गच्चीवरच्या बर्फात त्याची पावलं आहेत, सरळ कडेपर्यंत गेलेली. बस, एवढंच. पण खेळणारं मूल सरळ पळत नाही. ते वळतं, थांबतं, मूठभर बर्फ उचलतं, पुन्हा त्याच जागी येतं. शिवाय इसायाला उंचीची भीती, हे तिला माहीत आहे. मग तो कडेकडे पळाला कशाला? ज्याची भीती वाटते त्याच्याकडे माणूस धावत जातं ते मागे त्याहून भयंकर काही असलं तरच.

हा प्रसंग मी या वेळी चार वेळा मागे नेऊन पाहिला. शोधकथेत पुरावा म्हणजे बोटांचे ठसे, पत्र, रक्ताचा डाग, अशा ठेवून देता येणाऱ्या गोष्टी. इथला पुरावा उद्या ऊन पडलं की गेला. आणि तो वाचता येणारी त्या अख्ख्या शहरात एकच बाई. तिला हे ज्ञान ज्या लोकांकडून मिळालं, त्यांना त्या शहरात कुणी विचारत नाही. पोलिसांनाही ती पावलं दिसतातच की. त्यांना ती वाचता येत नाहीत, आणि आपल्याला वाचता येत नाही हेही त्यांना कळत नाही. मला वाटतं सगळा सिनेमा या एका जागेवर उभा आहे.

दिग्दर्शक बिले ऑगस्ट, ज्यांना याआधी कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार दोनदा मिळाला होता. स्मिला झालीय ज्युलिया ऑर्मंड. तिचं काम मला फार आवडतं, पण अर्धी इनुइट (म्हणजे ग्रीनलंडच्या मूळ लोकांपैकी) असलेल्या बाईच्या भूमिकेत इंग्रज नटी घ्यावी हे आज खटकतं. कोपनहेगनमध्ये सगळे आपसात इंग्रजी बोलतात तेही खटकतं. आणि शेवटचा अर्धा तास... त्याबद्दल पुढे बोलू.

उत्तरेकडे कुणी राहिलं असेल तर सांगा, हे बर्फ वाचणं तुम्हाला खरं वाटतं का?

जुना वाचक

शिरवा, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी मूळ कादंबरी आधी वाचली, इंग्रजीतून. ती १९९२ ची, डॅनिश. अमेरिकेत तिचं नाव ‘सेन्स’ धरून ठेवलं आणि ब्रिटनमध्ये ‘फीलिंग’ धरून. मूळ डॅनिश शब्द ‘फोर्नेमेल्से’. मराठीत मला ‘जाण’ जवळचा वाटतो. बर्फाची जाण. यात माहिती येते, अनुभव येतो आणि आतून कळणंही येतं.

सिनेमात स्मिलाचा शोध ज्या कंपनीपर्यंत जातो तिचं नाव ग्रीनलंड मायनिंग आहे. कादंबरीत ती क्रायोलाइटची कंपनी आहे, आणि हा बदल मला अजून सलतो, कारण क्रायोलाइट हा खरा इतिहास आहे. शब्दाचा अर्थच मुळी हिमपाषाण. ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर इविटूट इथे त्याची खाण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९८७ पर्यंत चालली. अ‍ॅल्युमिनियम काढायला तो लागतो. अ‍ॅल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवायची आणि त्यातून वीज सोडायची, ही १८८६ ची पद्धत. दुसऱ्या महायुद्धात विमानांना अ‍ॅल्युमिनियम हवं होतं, म्हणून अमेरिकेने त्या आडबाजूच्या खाणीवर पहारा बसवला. या खनिजाचा एक गुण कुणालाही थांबवून ठेवेल असा आहे. त्यातून प्रकाश जवळजवळ पाण्याइतकाच वळतो, त्यामुळे स्वच्छ तुकडा पाण्यात टाकला तर दिसेनासा होतो.

डोळ्यांसमोर असून न दिसणारा दगड. अशा गोष्टीसाठी याहून चांगली कंपनी कुठून मिळणार होती?

व्हेनेसा रेडग्रेव्हचा प्रसंग मात्र कुणी चुकवू नका. कंपनीची जुनी हिशेबनीस, देवभोळी, एकटी. ती स्मिलाला मदत करायची की नाही हे ठरवते तेवढी पाच मिनिटं मी श्वास रोखून पाहिली होती.

ध्रुववाट

शिरवा, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहितोय. मी गोव्यात, वास्कोला असतो. आपल्या देशाचं ध्रुवीय संशोधन केंद्र इथेच आहे, आणि त्या कामाच्या निमित्ताने मला काही आठवडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ‘हिमाद्री’त राहायला मिळालं. हे आपलं आर्क्टिकमधलं ठाणं, २००८ साली सुरू झालेलं, नी-ऑलेसुंद या गावात. उत्तर ध्रुव तिथून सुमारे १२०० किलोमीटर.

मी गेलो तेव्हा एप्रिल नुकताच लागला होता. पहिल्या दिवशी विमानातून उतरून चार पावलं टाकली आणि दचकलो. पायाखाली बर्फ करकर वाजत होता, थर्माकोलवर थर्माकोल घासावं तसा. थंडी फार वाढली की पावलाखाली बर्फ पाणावत नाही, कण एकमेकांवर घासून मोडतात, म्हणून तो आवाज. पुढे पुढे नुसत्या आवाजावरून बाहेर किती थंडी आहे याचा अदमास येऊ लागला.

आता पावलांबद्दल. आदल्या दिवशी मी आमच्या इमारतीमागून गेलो होतो. रात्रभर वारा सुटला. सकाळी पाहतो तर माझी पावलं खळग्यांऐवजी उंचवटे झालेली! पायाखाली दाबला गेलेला बर्फ घट्ट बसला होता, भोवतालचा भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडवून नेला, आणि माझ्या बुटाचे तळवे जमिनीवर ठेवल्यासारखे वर राहिले. मी गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत होतो. टाचेच्या बाजूला कड तासल्यासारखी, बोटांच्या बाजूला बर्फ साचलेला. वारा कुठून आला, किती वेळ होता, सगळं त्यात होतं. आमच्याबरोबरच्या एका नॉर्वेजियन माणसाने ते दोन मिनिटांत सांगितलं, मला ते समजावून घ्यायला अर्धा तास लागला.

तेव्हा हो, हे खरं आहे.

आणखी एक. तिथे वस्तीबाहेर पडताना रायफल बरोबर घ्यावी लागते, कारण पांढरी अस्वलं. आणि गावातल्या इमारतींची दारं उघडी ठेवतात, म्हणजे कुणावर वेळ आली तर समोर येईल त्या दारातून आत शिरता यावं. सिनेमात स्मिला एका दारावरून दुसऱ्या दारावर जात राहते आणि प्रत्येक दार बंद. मला ते पाहताना हे सारखं आठवत होतं.

भाषावेडी

ध्रुववाट, उंचवटा झालेली पावलं! केवढं सुंदर लिहिलंय.

मला शब्दांबद्दल बोलायचंय, कारण या सिनेमाचा विषय निघाला की कुणीतरी ‘त्यांच्याकडे बर्फाला शंभर शब्द आहेत’ हे म्हणतंच. मूळ गोष्ट साधी आहे. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये चार शब्दांचं उदाहरण दिलं होतं. जमिनीवर पडलेला बर्फ ‘अपुत’, पडत असलेला बर्फ ‘काना’, वाऱ्याने वाहत जाणारा वेगळा, साचून ढीग झालेला वेगळा. पुढच्या लोकांनी चाराचे सात केले, सातांचे पन्नास, आणि मग शंभर. ग्रीनलंडच्या भाषेत एका धातूला प्रत्ययामागून प्रत्यय लागत जाऊन अख्खं वाक्य एका शब्दात बसतं, त्यामुळे शब्द मोजायला बसलं तर मोजणी कधी संपायचीच नाही. पण समुद्रावर धरलेल्या बर्फाला तिथे ‘सिकु’ म्हणतात, आणि तो ‘अपुत’पासून पूर्ण वेगळा शब्द आहे, कारण एकावरून कुत्र्यांची गाडी हाकायची असते आणि दुसऱ्यात ती रुतते.

आता मराठीकडे बघा. आपल्याकडे फ्रीजमधला बर्फ, हिमालयात पडतो तो बर्फ, नदीवर धरतो तो बर्फ, सगळ्याला एकच ‘बर्फ’, तोही फारसीतून आलेला. ‘हिम’ पुस्तकात राहिलं. या सिनेमाची मराठी उपशीर्षकं करायला बसले तर मी पहिल्या दहा मिनिटांत अडेन. पण पावसाचं म्हणाल तर भुरभुर, रिमझिम, सर, शिरवा, झड, वळीव, मुसळधार. शिरवा, तुमचं नावच त्यातलं! कोकणातल्या माझ्या मावशीला अंगणात उभं राहून ‘ही सर निघून जाईल, मागची बसेल’ हे सांगता येतं, आणि तसंच होतं. स्मिलाची जाण मला मावशीमुळे कळली.

लखलखाट

बर्फ आणि अंधाराचे थरारपट खूप आहेत. मला या प्रांतातला सगळ्यात आवडता आहे तो उजेडाचा : ‘इन्सोम्निया’, मूळ नॉर्वेजियन, तोही १९९७ चाच. स्टेलान स्कार्सगार्ड स्वीडनहून नॉर्वेतल्या त्रोम्सोला खुनाच्या तपासासाठी आलेला पोलीस. उन्हाळ्याचे दिवस, सूर्य मावळतच नाही. धुक्यात संशयिताचा पाठलाग करताना त्याच्या हातून स्वतःच्याच सहकाऱ्याला गोळी लागते, आणि तो ते लपवतो. त्यानंतर त्याला झोप नाही. खिडकीवर पडदा ओढतो, फटीतून उजेड येतो. पुन्हा ओढतो, दुसरीकडून येतो. मी तीन वर्षं रात्रपाळी केली आहे. दिवसा झोपताना त्या एका फटीचा माणसाला किती राग येतो ते मला ठाऊक आहे, त्यामुळे तो पडदा ओढताना माझा जीव वरखाली होत होता.

२००२ साली ख्रिस्तोफर नोलनने तो इंग्रजीत केला, अल पचिनो आणि रॉबिन विल्यम्सला घेऊन. तोही उत्तम. पण त्यात गोष्ट अलास्कातल्या नाइटम्यूटला नेली आहे, आणि नाइटम्यूट प्रत्यक्षात आर्क्टिक वृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला, साधारण ६० अंशांवर आहे. तिथे उन्हाळ्यात रात्र उजळ असते, पण सूर्य मावळतो. त्रोम्सो ६९ अंशांच्याही वर, तिथे मे ते जुलै तो खरोखरच मावळत नाही. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. ज्या उजेडावर अख्खी गोष्ट उभी आहे, तो त्या जागी खरा असायला हवा.

शिरवा

लखलखाट, पडद्याचं अगदी पटलं. दोन्ही सिनेमे शेजारी ठेवले की असं वाटतं, स्मिलाला निसर्ग साक्षीदार म्हणून मिळतो आणि त्या पोलिसाला तोच साक्षीदार नको असतो.

भाषावेडी, मावशीचं वाचून फार बरं वाटलं. हे नाव मी आजीमुळे घेतलं, तीही असंच सांगायची.

कोपनहेगनकर

उशिरा आलो, पण हा धागा माझ्या गल्लीतला आहे म्हणून सविस्तर लिहितो. इथे अकरा वर्षं झाली.

सिनेमातला क्रिस्टियान्सहाउन भाग आज महागडा आहे. कालव्यात बोटी, कडेने कॅफे. पण तिथल्या चौकात ग्रीनलंडहून आलेली माणसं बाकांवर बसलेली दिसतात, त्यातल्या काहींना घर नाही. त्याच चौकात ग्रीनलंडचं स्मारक आहे, १९३८ चं, दगडातली शिकारी आणि कोळणी माणसं. पहिल्या हिवाळ्यात मी रोज तिथून कामावर जायचो. एक म्हातारी बाई त्या दगडी बायकांच्या पायाशी बसायची, हातमोजे काढून, उणे चारमध्ये, उघड्या हातांनी संत्रं सोलत. मी कानटोपीतून डोळे तेवढे बाहेर ठेवून चाललेलो. एकदा तिने माझ्याकडे पाहून संत्र्याची फोड पुढे केली. मी घेतली. बोलायला भाषा नव्हती.

ग्रीनलंड १९५३ पर्यंत डेन्मार्कची वसाहत होतं, मग डेन्मार्कचाच भाग झालं. १९७९ ला मर्यादित स्वराज्य (होम रूल) आणि २००९ ला स्वशासन मिळालं. पण मधल्या काळात काय काय झालं! १९५१ मध्ये २२ ग्रीनलंडिक मुलांना आईबापांपासून उचलून डेन्मार्कला आणलं, त्यांना ‘आदर्श डॅनिश’ करायचं म्हणून. परत नेलं तेव्हा अनाथाश्रमात ठेवलं, आणि पुष्कळांना आईशी बोलायला भाषा उरली नव्हती. डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी याबद्दल माफी मागितली ती २०२० मध्ये. हे वाचल्यावर मी सिनेमा पुन्हा पाहिला. ‘लहानपणी तिला तिथून उचलून शहरात आणलेलं’ हे शिरवा यांनी एका ओळीत लिहिलंय, त्या ओळीमागे हे सगळं आहे.

आता पुढचं रहस्यभेद म्हणून वाचा.

शेवटी कळतं की हा सगळा खटाटोप त्या १८५९ मध्ये पडलेल्या उल्केसाठी आहे, आणि तिच्याभोवतीच्या पाण्यात एक अतिप्राचीन परजीवी अळी जिवंत झालीय. इसायाचा बाप त्या मोहिमेवर मेला, आणि इसायाच्या अंगात ती अळी आहे का हे कंपनीला पाहायचं होतं. बहुतेकांना हे अचाट वाटतं. मला अळी अचाट वाटते, उल्का नाही.

कारण उल्का खरी आहे. वायव्य ग्रीनलंडमध्ये केप यॉर्कजवळ लोखंडी उल्केचे तुकडे होते. तिथले लोक शतकानुशतकं त्याचे कपचे काढून चाकू आणि भाल्यांची पाती करत. अमेरिकन ध्रुवप्रवासी रॉबर्ट पिअरीने ते तुकडे उचलले. सगळ्यात मोठा, सुमारे ३१ टनांचा, १८९७ मध्ये न्यूयॉर्कला नेला आणि तो तिथल्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीला विकला गेला. त्याच जहाजातून सहा इनुइट माणसंही नेली. त्यात किसुक नावाचा शिकारी आणि त्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा मिनिक. काही महिन्यांत किसुक क्षयाने गेला. संग्रहालयाच्या लोकांनी मिनिकच्या समाधानासाठी दफनविधी केला, पण पुरलं ते कापडात गुंडाळलेलं लाकूड. बापाचा सांगाडा संग्रहालयात ठेवून घेतला. मुलाला हे काही वर्षांनी कळलं. त्याने हाडं परत मागितली, मिळाली नाहीत. मिनिक १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेला. किसुकची आणि त्याच्याबरोबर नेलेल्यांपैकी तिथेच मेलेल्या तिघांची हाडं ग्रीनलंडमधल्या कानाकला जाऊन पुरली गेली ती १९९३ साली.

उल्का, मोहिमेत मेलेला बाप, मुलाचं वय आणि शास्त्राच्या नावाखाली वापरलेलं शरीर. कादंबरी लिहिणाऱ्याच्या मनात हे होतं का, याबद्दल मी काही म्हणत नाही. मी सिनेमा पाहतो तेव्हा माझ्या मनात हे असतं.

याच उल्केचा वीस टनांचा तुकडा १९६३ मध्ये सापडला, नाव ‘अग्पालिलिक’. तो कोपनहेगनला आहे, भूगर्भशास्त्राच्या संग्रहालयात मी तो पाहिला. बाहेरून काळपट तपकिरी, अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे. पण त्याचा कापून घासलेला काप बघा. आत तिरक्या पट्ट्या एकमेकींना छेदत गेलेल्या, चटईच्या विणीसारख्या. लाखो वर्षं अतिशय सावकाश निवत गेलेल्या लोखंड-निकेलमध्येच ही वीण धरते, पृथ्वीवर कुणाला ती करता येत नाही.

जुना वाचक

कोपनहेगनकर, मिनिकचं वाचून सुन्न झालो. हे माहीत नव्हतं.

रहस्यभेद : अळीच्या बाजूने थोडं बोलतो. गोठलेल्या जागी जुनं काहीतरी टिकून राहणं यात चुकीचं काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पहिल्या तासात स्मिला तिच्या जाणिवेने एकेक पाऊल पुढे जाते. शवविच्छेदन करणारा डॉक्टर सांगतो की मुलाच्या मांडीत सुईचं भोक आहे, मेल्यावर स्नायूचा तुकडा काढल्याचं. तिथून ती कंपनीच्या कागदांपर्यंत पोचते. प्रत्येक दुवा तिने स्वतः शोधलेला. जहाजावर चढल्यावर मात्र पळापळ, मारामारी, स्फोट. तिथे दुसरं कुणीही चाललं असतं. ज्या बाईला बर्फ वाचता येतो तिला खऱ्या हिमनदीपाशी नेलं, आणि तिथे वाचायला काही ठेवलंच नाही.

शिरवा

जुना वाचक, हेच! मला दोन दिवस जे नीट सांगता येत नव्हतं ते तुम्ही लिहिलंत. ग्रीनलंडचं चित्रण इलुलिसात भागात झालं आहे. तिथली सेर्मेक कुयाल्लेक हिमनदी जगातल्या सगळ्यात वेगाने सरकणाऱ्यांपैकी, दिवसाला ४० मीटरच्या आसपास सरकल्याच्या नोंदी आहेत. नदी सरकतेय, कडकडतेय, हिमनग सोडतेय, आणि आपला कॅमेरा बंदुकांकडे. तिथे स्मिलाने नुसतं उभं राहून ‘इथून जाऊ नका’ म्हटलं असतं आणि ते ऐकलं नाही म्हणून कुणी बुडालं असतं, तरी मला पुरलं असतं.

कोपनहेगनकर, तुमची संत्र्याची फोड मी विसरणार नाही.

लखलखाट

मी थोडा असहमत. शेवट ढिला आहे हे कबूल, पण रिचर्ड हॅरिसचा खलनायक मला खरा वाटतो. तो आरडाओरडा करत नाही, त्याला वाटतं आपण मोठं शास्त्र करतोय. मिनिकची गोष्ट वाचल्यावर तर जास्तच खरा वाटायला लागला. हाडं ठेवून घेणाऱ्यांनाही तेच वाटत असणार.

ध्रुववाट

+१ लखलखाट.

सातारकर

इथे सहसा फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

माझे वडील फौजेत होते, सियाचीनला दोनदा जाऊन आले. तिथलं ते फारसं बोलत नाहीत. लहानपणी एकदा विचारलं होतं, तेव्हा एवढंच सांगितलं की पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवायचं, कमरेला सगळ्यांचा एक दोर, आणि बर्फ जरा जरी खाली दबल्यासारखा दिसला तर काठीने टोचल्याशिवाय पाय द्यायचा नाही. खाली क्रेवास, म्हणजे बर्फातली खोल भेग असते, वर बर्फाचा नुसता पापुद्रा. त्यांच्या तुकडीतला एक जण असाच गेला.

हा धागा वाचून वाटलं, त्यांना तो गच्चीचा प्रसंग दाखवावा. त्यांना इंग्रजी येत नाही. गोष्ट आधी सांगणार नाही. उद्या दाखवतो आणि लिहितो.

भाषावेडी

नक्की लिहा, सातारकर. वाट बघतोय सगळे.

सातारकर

काल रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. आवाज बंद केला होता. सुरुवातीचा शिकारी बघताना आण्णा पुढे सरकून बसले. कुत्रे पळायला लागल्यावर खुर्चीचा हात धरला. मग कोपनहेगन, खाली पडलेलं पोर, माणसं. त्यानंतर ती बाई वर जाते आणि पावलं दिसतात. मी तिथे थांबवलं.

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मान पुढे काढून बघत राहिले. मी काहीच बोललो नाही. आमची आई आतून हात पुसत येऊन दारात उभी राहिली.

“सरळ गेलंय,” ते म्हणाले. “पोरगं खेळत नव्हतं. कोण हुतं त्याच्या मागं?”

मी म्हटलं, पुढे कळतं, लावू का?

“नगं,” म्हणाले. आणि मग तुकडीतल्या त्या माणसाचं नाव घेतलं, जे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. त्याचं गाव सांगितलं, त्याला दोन मुली होत्या हे सांगितलं, आणि सकाळी त्याच्या मागोमाग उमटलेली पावलं कुठवर होती आणि कुठे संपली, ते हाताने हवेत दाखवलं. आई दारातून खाली बसली. साडेबारापर्यंत ते बोलत होते.